कडुनिंबाचं पाणी

यांना अर्धांगवायू झाल्यापासून रोज संध्याकाळी कडुनिंबाचा पाला उकळून मी यांचे पाय धुते. आज त्या कडवट वाफेत अचानक पाणीगेटचं माहेर आठवलं.

अण्णा, माझे वडील, तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांचे जुने मित्र सॅम्युएलकाका चर्चमधून थेट आमच्याकडे आले. त्या दिवशी चर्चमध्ये पाद्री भाविकांचे पाय धुतात, ख्रिस्तानं शिष्यांचे धुतले तसे. काकांनी माझ्या हातातला कडुनिंबाच्या पाण्याचा टब घेतला आणि ते अण्णांच्या पायाशी बसले.

अण्णांनी पाय आखडले. "सॅम्युएलभाई, तुम्ही वयानं मोठे. मला पाप लागेल!"

"आयुष्यभर माझ्याशी भांडलास, की दोन नाहीतच, सगळं एकच. मग कोण मोठा आणि कोण धाकटा, भाई?"

अद्वैत शिकवण्यात जन्म घालवलेल्या अण्णांनी हळूच पाय पाण्यात सोडले.

तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आज मात्र त्या दोघांना समोर बसवून विचारावंसं वाटतं, दोन नाहीतच, तर कंबर माझ्या एकटीचीच का दुखते?