उधाणाचा रविवार

जमनाकाकीला हुतुतूतलं काय कळायचं, असं कुणी म्हटलं की मला अजूनही राग येतो. मी रामू, शिरगावच्या संघाचा डावा कोपरा. आमच्या संघाला मैदान दिलं काकीने, वळण लावलं काकीने आणि वेळ आली तेव्हा तोंडघशी पाडायची तयारीही काकीनेच केली होती. पुढचं ऐकाल तर तुम्हीही तिला हात जोडाल.

किल्ल्याच्या भिंतीलगत तिचं खळं होतं. मासळी सुकवायची ती जागा, दर हिवाळ्यात शेणाने सारवून चोपलेली. गावात तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती. आम्ही पोरं तिथे चोरून खेळायचो. एकदा ती झाडू घेऊन हाकलायला आली आणि आमची पकड बघून जागच्या जागी थांबली.

"मेल्यांनो, होडी अशी ओढाल तर वैशाखातबी पान्यातच राहील! एकेकटे काय झोंबताय? सगळ्यांनी एकदम!"

त्या दिवसापासून ती आमची झाली. फुकट मात्र काही नाही. तिने परात बडवली की संघातल्या प्रत्येकाने हातातलं काम टाकून धावत यायचं. पावसाळ्याआधी होड्या वर ओढायच्या, ज्या घरात बाप्या माणूस नाही त्या घरावर झावळ्या घालायच्या, अडलेल्या बाईला खाटेवर घालून पालघरच्या दवाखान्यात पोचवायचं. नव्या गड्याची परीक्षा मैदानावर नव्हे, विहिरीतला गाळ काढताना व्हायची. डोंगराकडचा सुका आमच्या होडीवर कामाला आला, तोही असाच गाळाने माखून संघात शिरला आणि पुढे आमचा सगळ्यात चपळ चढाईवाला झाला.

खळ्याचा नियमही काकीचाच. उधाण बायांचं, भांग पोरांचं. पुनवेला आणि अवसेला समुद्राला जोर असतो, होड्या जवळ्याने भरून येतात, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायांचा जवळा त्या खळ्यावर पसरायचा. मधल्या दिवसांत पाणी मऊ पडतं, त्याला आम्ही भांग म्हणतो. तेव्हा खळं आमचं. हा नियम काकीने कधी कुणासाठी मोडला नाही.

आणि तिनेच घोळ घातला.

सन सहासष्टचा माघ महिना. तालुक्याच्या अंतिम सामन्यात आम्ही पोचलो होतो, समोर पालघर. तालुक्याची ढाल वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. त्या साली सामना शिरगावात व्हायची पाळी होती, पण पालघरकरांना ते रुचेना. काकी सुकी मासळी घेऊन पालघरच्या बाजारात बसली होती, तिथे त्यांचा चिटणीस नाकाला रुमाल लावून म्हणाला, "बाई, तुमच्या गावात मैदान आहे कुठे? नुसता वास! दिलेल्या वेळी मैदान दाखवलं नाहीत तर ढाल आमची, आणि यापुढे सगळे सामने पालघरलाच."

काकीचं डोकं फिरलं. "या की येत्या रविवारी! चार वाजता मैदान तयार आसल!"

चार माणसांसमोर दिलेला शब्द. संध्याकाळी टोपली डोक्यावर घेऊन ती ऐटीत गावात शिरली आणि आम्हाला बातमी दिली. आमचा कप्तान कमलाकांत बोटांवर काहीतरी मोजायला लागला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकी, शनवारी पुनव हाय."

काकीने डोक्यावरची टोपली खाली उतरवली आणि स्वतःही बोटांवर मोजून पाहिलं. जन्म तिथीवर काढलेली बाई रागाच्या भरात वार सांगून बसली होती. रविवार भर उधाणाचा.

शनिवारी होड्या काठोकाठ भरून आल्या. रविवारी सकाळी खळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे गुलाबी जवळा. बाकीची अंगणंही भरलेली. शेजारची पुष्पलता, जिच्या घरी पाच तोंडं आणि कमावणारी ती एकटी, ती काकीकडे आली. "काकी, मी माझा जवळा उचलते. पोरांना खेळू दे."

"अर्धा ओला उचलशील तर उद्या कुजेल. पावसाळ्यात पोरांना काय घालशील, ढाल?" काकी डाफरली. "पोरं माझी हायत तशी तुमीबी माझ्याच हाव. जा घरी. आणि चुलीतली राख टाकू नको, टोपलीत भरून ठेव. सगळ्यांना सांग."

आम्हाला वाटलं, दुःखाने बाईचं डोकं ठिकाणावर नाही. राख कशाला? मी तर सामना गेला असंच धरून चाललो होतो. दुपारचं भरतीचं पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलं होतं, त्यामुळे किनाऱ्याकडे कुणी बघितलंही नाही.

पालघरकर ट्रकमधून गाजावाजा करत आले. चिटणिसाने खळ्यावरचा जवळा पाहिला आणि रुमालाआडून हसला. पंचांनी घड्याळ पाहिलं. "चार वाजत आलेत. मैदान कुठे आहे?"

काकीने परात बडवली. घराघरातून बाया राखेच्या टोपल्या घेऊन निघाल्या आणि काकी पुढे, अशी ती वरात किनाऱ्यावर गेली. पाणी लांब हटलं होतं. उधाणाची ओहोटी जितकी मागे जाते तितकी दुसरी कुठलीच जात नाही. धुतलेली, ओली, ताटासारखी सपाट वाळू उघडी पडली होती. आम्ही रोज तिच्यावरून होड्या ओढायचो, पण तिथे खेळावं असं आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. वल्ह्याने रेघा ओढल्या, बायांनी त्यांत राख भरली, आणि काळ्या वाळूवर पांढरंशुभ्र मैदान उमटलं.

पंचांनी टाच आपटून पाहिली, माप घेतलं. चिटणीस तणतणत होता. पंच म्हणाले, "सपाट आहे, आखलेलं आहे. खेळा."

खोटं कशाला सांगू, पालघरचा संघ आमच्याहून सरस होता. त्यांचा कप्तान तर बैल होता बैल. दोघे-तिघे कमरेला लटकले तरी तो त्यांना घेऊन मध्यरेषा गाठायचा. मध्यंतराला आम्ही चांगलेच मागे होतो. काकी आमच्याजवळ आली. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने माझ्या पाठीत धपाटा घातला.

"होडी हाय ती, होडी! रोज ओढता ना?"

दुसऱ्या डावात सुकाने कमाल केली. ओल्या वाळूत पालघरकरांचे पाय घसरायचे, सुका मात्र त्यांच्या बोटांतून निसटून परत यायचा. त्यांचे गडी एकामागून एक बाद होत गेले. शेवटच्या मिनिटाला त्यांचा कप्तान एकटा उरला आणि ते एका गुणाने पुढे होते. त्याने फक्त येऊन परत जायचं होतं, ढाल त्यांची होती. त्याला धरला तर लोण चढणार, ढाल आमची.

तो आला. माझ्या कोपऱ्यापर्यंत आला आणि मी जीव खाऊन त्याचा घोटा धरला. कमलाकांत कमरेला पडला, सुका खांद्याला. तरी तो आम्हाला फरपटत चालला. रेषा हातभर राहिली. तेवढ्यात काकीची परात वाजली आणि होडी ओढतानाची तिची हाळी आली, "हैऽऽ शा!" बायांनी ती उचलली. आम्ही विचार केलाच नाही. टाचा आपोआप वाळूत रुतल्या, सातही जणांनी एकदम ओढ घेतली आणि तो बैल मागे आला! त्याची बोटं रेषेच्या राखेसमोर वाळू खरवडत राहिली आणि त्याचा दम तुटला.

पंचांची शिटी कुणाला ऐकूच आली नाही. म्हाताऱ्याकोताऱ्या नाचत होत्या. मी ओक्साबोक्शी रडलो, त्याची मला मुळीच लाज नाही. काकीने ढाल कडेवर घेतली आणि पुष्पलतेच्या पोरांना आधी हात लावू दिला. जवळ्याचा एक दाणाही वाया गेला नव्हता.

रात्रीच्या भरतीने मैदान पुसून नेलं. पुढच्या वर्षी तोच चिटणीस बाजारात काकीसमोर येऊन उभा राहिला. या खेपेला रुमाल खिशातच होता. "काकी, ढाल परत जिंकायची आहे. कधी येऊ ते तुम्हीच सांगा. पण तिथी नीट बघून सांगा."

काकीने सावकाश बोटांवर तिथी मोजली, पुन्हा मोजली आणि उधाणाचा रविवार दिला.