वर्षाच्या वाटची आवणी

मला सत्कार समारंभांचा मनापासून कंटाळा आहे. शाल, नारळ आणि ज्याचा सत्कार त्याच्यापेक्षा जास्त वेळ बोलणारे पाहुणे. चिखले गावात माझी चिकूची वाडी आहे, म्हणून मलाही अधूनमधून तसल्या खुर्चीवर बसवतात. पण रानशेतच्या झिपरूचं बोलावणं मी एकदाही चुकवलेलं नाही. तिथे खुर्चीच नसते.

झिपरू एकतीस वर्षं आश्रमशाळेत शिपाई होता. स्वतः चौथी शिकलेला. घंटा देता देता त्याने एक गोष्ट पाहून ठेवली होती. जुलैत भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, पोरं घरी जातात आणि त्यातली काही परत येतच नाहीत. पाड्याची रीत अशी, की एकाच्या आवणीला सगळ्यांनी जायचं आणि मग त्याने सगळ्यांच्या शेतात राबायचं. ज्या घरात माणसं कमी, तिथल्या पोराला शाळा सोडून यावंच लागतं.

निवृत्त झाल्यावर झिपरूने पाडा गोळा केला. "शिकणाऱ्याच्या वाटची आवणी आपण करू," तो म्हणाला. "शिकून झाला का त्याने देशाचं काम करायचं. तीच फेड." हा माणूस देशाचं नाव शेजारच्या पाड्याचं घ्यावं तसं घेतो, म्हणून त्याच्या तोंडी ते शोभतं.

त्याचा सत्कारही शेतातच. शिकणाऱ्याला बांधावर उभं करायचं, रोपांची पहिली जुडी त्याच्या हातात द्यायची आणि बाकीच्यांनी चिखलात उतरायचं. संपला कार्यक्रम.

पहिली जुडी घेतली ती वर्षाने. घरी एकटी आई आणि पोरगी मुंबईला डॉक्टरकीला. सहा वर्षं पाड्याने तिच्या आईचं शेत लावलं. यंदा वर्षा डॉक्टर झाली आणि बारावी पास झालेल्या प्रितेशची पाळी आली. त्यालाही बाहेर शिकायला जायचं होतं. पण दिपकने आधीच बजावलं होतं, "वर्षा काय करते ते बघू. मग प्रितेशचं." दिपकसारखी भराभर आवणी करणारा पाड्यात दुसरा नाही, बोलायलाही तो तसाच. तो मागे सरला की निम्मा पाडा मागे सरतो. म्हणजे कसोटी वर्षाची होती, पण पणाला लागलं होतं प्रितेशचं शिक्षण.

वर्षा आली ती तडक चिखलात उतरली. पण सवय गेलेली, रांग वाकडी जाऊ लागली.

"डॉक्टरीण, टाके तरी सरळ घालते ना?" एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

झिपरूने तिला वर बोलावलं. "ते आमचं काम. तुझं सांग. कुठं लागलीस?"

"गडचिरोलीला. अगदी आतल्या गावचं आरोग्य केंद्र आहे."

झिपरू बांधावर बसला. कामाच्या वेळी बसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "मला वाटलेलं, तू इथंच राहशील," तो म्हणाला. वाईट वाटलेलं त्याने लपवलं नाही.

दिपक मात्र तडकला. "सहा वर्षं आम्ही वाकलो आणि औषध तिकडच्यांना? त्यांनी तुझी कव्हा आवणी केली?"

"इथली जागा मागणारे चौघं होते, दिपकदादा. तिथली कोणीच मागत नव्हतं." मग ती झिपरूकडे वळली. "काका, मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा सगळा पाडा तापाने झोपला होता. आईचं शेत कोणी लावलं?"

मला ते पक्कं आठवत होतं, कारण टेम्पो माझा होता. झिपरूने तलासरीकडच्या वेवजीहून बारा माणसं भरून आणली होती. त्यातलं एकही वर्षाच्या नात्यागोत्यातलं नव्हतं.

"वेवजीवाल्यांनी," झिपरू म्हणाला.

"त्यांच्या शेतात आपण कधी गेलो?"

"नाय गेलो."

"मग ते आले तशीच मीपण जाते."

झिपरू बराच वेळ पायाचा चिखल बोटाने काढत राहिला. आपणच शिकवलेलं आपल्यालाच पचवायचं, हे सोपं नसतं. मग तो उठला.

"तिकडं भातच लावतात ना?"

"भातच."

"मग आवणीच्या टायमाला कोणी आजारी पडलं तर कळव. शेठचा टेम्पो आहे."

गडचिरोली किती लांब आहे, हे त्याला सांगणं माझ्या जिवावर आलं. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या घडीला तो म्हणाला असता, तर मी निघालोही असतो.

सगळे दिपककडे पाहू लागले. तो खाली वाकून रोपं निवडत होता.

"प्रितेश, किती वर्षं शिकणार रे?"

"चार."

"बरं," दिपक म्हणाला आणि वर येऊन पहिली जुडी त्याने स्वतःच प्रितेशच्या हातात ठेवली.