नारळ कुठे जातो

आमच्या शाळेतल्या बाईंना प्रश्न विचारला की उत्तर मिळत नसे. दुसरीतल्या एखाद्या पोरानं विचारलं, मुंगी भिंतीवरून पडत का नाही, की बाई हातातली वही मिटायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि म्हणायच्या, "बघ आणि मला सांग." मग ते पोर मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून भिंतीला नाक लावून उभं. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांचं नाव 'बघबाई' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही होतं असा मला संशय आहे.

मी त्यांच्या वर्गावर मदतनीस म्हणून लागले, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, वडील मार्केटात माथाडी. खाडी मला बसच्या खिडकीतून दिसते तेवढीच माहीत. बाई मात्र करावे गावच्या. घरची होडी अजून होती, भाऊ चालवायचा. वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा जीव घाबरला की गावची बोली बाहेर पडायची. तशी ती मी दोनदाच ऐकली.

सणांच्या बाबतीत तर त्यांचं साऱ्या शाळेशी वाकडं होतं. बाकीच्या वर्गांत सण म्हणजे नऊवारी, फेटे, पाठीमागे रंगीत पडदा आणि पालकांच्या ग्रुपवर चाळीस फोटो. बाईंच्या वर्गात संक्रांतीला पोरं गुळाच्या पाकाचे थेंब वाटीभर पाण्यात टाकत बसली होती, कधी गोळी होते ते बघत. पाडव्याला प्रत्येकानं कडुलिंबाचं पान चावलं आणि आरशात बघून आपापलं तोंड कागदावर काढलं. भिंतभर ती वाकडी तोंडं बघून मला इतकं हसू आलं की मी बाहेर पळाले.

पण सगळ्यांना हसू येत नव्हतं. बेलापूरच्या कुठल्याशा कार्यालयातले एक वडील रजा टाकून तक्रार करायला आले, की मुलगा घरी पाढे म्हणत नाही, नुसते प्रश्न विचारतो. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बघबाईंना बोलावून सांगितलं की आता आणखी एक तक्रार आली तर वर्ग काढून घेईन आणि ऑफिसात दाखले लिहायला बसवीन. बाईंनी ते मला हसत सांगितलं. त्या दिवशी डबा मात्र त्यांनी उघडलाच नाही. दुसरीचा वर्ग गेला तर ही बाई टिकणार नाही, एवढं मला तेव्हाच कळलं.

मग नारळी पौर्णिमा आली. आदल्या आठवड्यात वर्गात पाण्याचा टब आणला गेला. जड नारळ बुडणार आणि चिमुकली गोटी तरंगणार असं बहुतेकांनी छातीठोकपणे सांगितलं, आणि उलटं झाल्यावर वर्ग डोक्यावर घेतला. तेवढ्यात जुई बोलली. जुई म्हणजे वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. तिचा आवाज मी जूनपासून चारदा ऐकला असेल. तिनं विचारलं, "खाडीत सोडल्यावर नारळ कुठे जातो?"

बाईंचा चेहरा उजळला. चष्मा कपाळावर गेला. "बघ आणि मला सांग," त्या म्हणाल्या.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी सत्तावीस मुलं घेऊन आम्ही करावे गावच्या जेट्टीवर गेलो. परवानगी मिळाली होती ती एका अटीवर, मोठ्या बाईंना भरपूर फोटो हवे होते आणि ते मी काढायचे होते. बाईंची शिस्त कडक होती. प्रत्येकाला जोडीदार, आणि जोडीदाराचा हात सोडायचा नाही. जुईची जोडीदार तापानं घरी होती, म्हणून जुईचा हात माझ्या हातात दिला. "हिला सोडू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

पावसानं उघडीप दिली होती. बाईंच्या भावानं पायरीशी एक बांबू रोवला होता. त्याला रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या, पाणी किती चढतंय ते मुलांनी मोजावं म्हणून. सोनेरी कागद लावलेला नारळ बाईंनी ओंजळीत धरला, हात जोडले आणि पाण्यात सोडला. सत्तावीस पोरं एका सुरात ओरडली. फोटो सुंदर येणार होता. मोबाइल धरायला मला दोन्ही हात लागले.

मुलांची मोजणी बाईच करायच्या. बांबूची तिसरी पट्टी बुडाल्यावर त्यांनी मोजलं. सव्वीस. पुन्हा मोजलं. सव्वीस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं. जेट्टीवरच्या बायकांनी कोळंबीच्या पाट्या खाली ठेवल्या. सगळे एकदम पाण्याकडे बघायला लागले. जेट्टीखालचं ते काळपट पाणी मला अजून स्वप्नात दिसतं. बाईंचा भाऊ होडीत उडी टाकून बाहेरच्या बाजूला निघालाही होता, कारण सोडलेली वस्तू दर्यात जाते असंच सगळे धरून चालतात.

बाई ओरडल्या नाहीत. त्या वळल्या ते मुलांकडे. "पोरांनो, बांबू बगा. पानी आत येतंय का भायेर जातंय?"

सगळ्यांच्या माना बांबूकडे वळल्या. मग मागून एक मुलगा म्हणाला, "आत येतंय बाई. चौथी पट्टी बुडाली."

"मंग नारल आत गेला," बाई म्हणाल्या, साडी खोचली आणि तिवरांच्या झाडीच्या बाजूच्या बांधावरून धावत सुटल्या. छप्पन्न वर्षांच्या बाईला तसं धावताना मी कधी बघितलं नाही. मी मुलांना भिंतीशी बसवून मोजत राहिले. सव्वीस, सव्वीस, सव्वीस. एका मुलीनं विचारलं, जुई मेली का. मी तिला गप्प बस म्हणाले. आजवर इतक्या वाईट आवाजात मी कोणाशीच बोललेले नाही.

वीस मिनिटांनी बाई परत आल्या. तोवर बांधावर पाणी चढलं होतं. पोटरीभर पाण्यातून त्या चालत होत्या, कडेवर जुई, आणि जुईच्या पोटाशी सोनेरी कागद निघालेला नारळ. बांधाच्या टोकाला ती उकिडवी बसली होती, चहूकडून पाणी आलेलं. बाईंनी नंतर मला सांगितलं, की तिला उचलण्याआधी त्यांनी विचारलं होतं, कुठे गेला नारळ? आणि जुई म्हणाली होती, "परत आला. गावातच येतो." हे सांगताना त्यांना रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता, आणि त्या अभिमानाची त्यांना लाज वाटत होती.

सण होऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंनी शाळेत चौकशी बसवली. मुलीचा हात कोणाच्या हातात होता, हा त्यांचा एकच प्रश्न होता. आत जाण्याआधी बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. त्यांना रागवायचं नव्हतं. चष्मा कपाळावर चढवून त्या म्हणाल्या, "तू काय बघितलंस? सांग."

मी बघितलं होतं. मोबाइलच्या काचेत मला जुई कडेकडेनं सरकताना दिसली होती. येईल परत, असं मनाशी म्हणून मी आणखी दोन फोटो काढले होते. पण माझं कंत्राट संपायला तीन महिने होते, घरात माझाच पगार पक्का म्हणायचा. मी म्हणाले, "काही नाही बाई. गर्दीत कळलंच नाही." त्यांनी चष्मा खाली घेतला. आत जाऊन त्यांनी लिहून दिलं, की मुलं त्यांच्याच जबाबदारीवर होती आणि 'बघ' हे जुईला त्यांनीच सांगितलं होतं. वर्ग गेला. दिवाळीआधी त्यांनी नोकरीच सोडली. निघताना प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला सांगितलं की टब गळतो, बदलून घे.

त्याला चार वर्षं झाली. मी कायम झाले, दुसरीचा वर्ग माझाच आहे. टब नवा आहे. "बघ आणि मला सांग" हे मीही म्हणते, फक्त आता मुलाचा हात धरून बरोबर जाते. पोरं विश्वासानं येऊन सांगतात, पाल शेपूट टाकून पळते, चिंच घासली की तांब्या उजळतो. दरवेळी ऐकताना मला तो व्हरांडा आठवतो.

गेल्या रविवारी मी करावे गावात त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर सुकट निवडत होत्या. मी जुना मोबाइल काढून तो फोटो दाखवला. मधे सोनेरी नारळ, सव्वीस उघडी तोंडं आणि उजव्या कोपऱ्यात पाठमोरी जुई. "मी बघितलं होतं बाई," मी म्हणाले. "सांगितलं नाही."

त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मला वाटलं त्या म्हणतील, जाऊ दे. तशा त्या मायाळू होत्या. पण त्या म्हणाल्या, "मना कशाला सांगतंस? मना ठावं व्हता." मग पुस्तकी मराठीत, वर्गात म्हणायच्या तसं सावकाश म्हणाल्या, "ज्यांनी विचारलं होतं, त्यांना सांग." आणि मला चहा दिला. सुकटीची पुडी बांधून दिली.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर मी मुलांना टबाशी बसवलं आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. मोठ्या बाईंच्या दारावर टकटक केली. त्यांनी मान वर करून विचारलं, काय काम आहे. मी मोबाइल त्यांच्या टेबलावर ठेवला.

"मी काय बघितलं," मी म्हणाले, "ते सांगायचं राहिलंय."