मागच्या रुळाचा लाल

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. चूक माझी आहे, आणि मी चूक कबूल करत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे.

शाळा मी बाहेरूनच पाहिली. वाचायला शिकले ते सोलापूर स्टेशनातल्या पाट्यांवरून. घर रुळाला लागून, त्यामुळे सिग्नलही पाठ. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे पळ. गाडी कुठं अडलीय हे विचारायला गल्लीतली माणसं मोबाइल सोडून माझ्याकडे यायची. बरं, एक-दोघं यायची.

तर माझी धाकटी बहीण शांता. गुलबर्ग्याला असते. चार वर्षं आमचं बोलणं बंद, आणि कारण मीच. तिनं नातीच्या बारशाचं निमंत्रण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं लिहिलं. मी त्यातल्या चुका चारचौघींत मोठ्यानं वाचून दाखवल्या. विद्वान ना मी!

परवा तिच्या सुनेचा फोन आला. सासूबाई आता कायमच्या अहमदाबादला धाकट्या मुलाकडे चालल्यात, गाडी सोलापूरला थोडी थांबते. मी सुनेला सांगितलं, स्टेशनावर येते, शांतेशी बोलायचंय. मनात म्हटलं, जायचं, शेंगाचटणीचा डबा हातात द्यायचा आणि म्हणायचं, "शांते, चुकले मी." तीनच शब्द. घरी आरशासमोर म्हणून पाहिले. तिथंही 'शांते'च्या पुढं गेले नाही.

गाडी आली. शांता दारात उभी. केस पार पांढरे झालेले.

"अक्का, वाळलीस की गं."

"तू तरी कुठं फुगलीस?"

"कायतरी बोलणार हुतीस म्हणं. सून म्हणली."

"बोलते की. घाई हाय का?"

ती पलीकडच्या दारातनं वाकून बघून आली. "अक्का, गाडी सुटंल आता."

मी फलाटाच्या टोकाकडे बोट केलं. "लाल हाय बघ. लाल असताना गाडी सुटत न्हाय. मला शिकवू नगं."

तिनं एकदा वळून पाहिलं. तिच्या मागं डब्यातली माणसं कान देऊन उभी. मग मी ते तीन शब्द सोडून सगळं बोलले. चटणी कशात ठेवायची, तेल किती घालायचं, तिकडचं पाणी कसं असेल. भोंगा वाजला. "दुसऱ्या गाडीचा," मी म्हणाले. डबा अजून माझ्याच हातात.

आणि शांता सरकायला लागली. समोर लाल तसाच, आणि शांता सरकतेय. तेव्हा पहिलं काय मनात आलं सांगू? ड्रायव्हर चुकला.

गाडी गेल्यावर हिरवं निशाण घेतलेल्या रेल्वेच्या माणसाला मी धरलंच. "लाल असताना गाडी सोडलीच कशी?"

"आजी, तो तुमच्या पाठीमागच्या रुळाचा लाल. हिचा सिग्नल गाडीच्या पलीकडं, हितनं दिसत न्हाय. ज्येला त्येला आपला रूळ, आपला सिग्नल. हिला वाट दिली म्हणूनच तर त्याला लाल. दोन्ही गाड्या एकदम सोडल्या तर पुढं एकाच रुळावर गाठ पडंल की."

डबा घेऊन घरी आले. संध्याकाळी मीच फोन लावला.

"शांते, तो लाल दुसऱ्याच रुळाचा हुता गं."

"ठावं हाय. पलीकडच्या दारातनं हिरवा दिसला हुता मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"डबाभर माणसं ऐकत हुती, अक्का. तुजी चूक चारचौघांत कशी काढायची?"