होणाऱ्या व्याह्यांचा चिनी चहा

चहातलं मला कळतं, असा माझा समज होता. तो तीन आठवडे टिकला.

आमच्या प्रज्ञाचं लग्न जमत आलं होतं. मुलाचे वडील नागपूरचे, चहाचे मोठे शौकीन. त्यांनी चीनच्या डोंगरातला भारी काळा चहा भेट पाठवला. सोबत निरोप, 'पक्कं काय ते सेलूला येऊन सांगतो.' म्हणजे लेकीचं अख्खं भवितव्य त्या डब्यात! (असं मी ठरवलं. प्रज्ञाला विचारलं नव्हतं.)

पहिले आठ दिवस भर दुपारी डबा मांडीवर घेऊन बसायचो. बाहेर सेलू भाजून निघत असायचं आणि मला धुक्यातले डोंगर दिसायचे. हिरव्या उतारावरून पांढऱ्या सदऱ्यात कोणी तरी अलगद चालत असायचं. तो मीच! चव मात्र घेतली नाही. पहिला घोट व्याह्यांसोबत घ्यायचा होता.

पण डबा ठेवायचा कुठे? असा चहा शेजारचा वास ओढून घेतो म्हणे. स्वयंपाकघरात लसणाची फोडणी, कपाटात डांबरगोळ्या, माझ्या खोलीत मी! शेवटी तुरीच्या डाळीच्या कोठीत खोल पुरला. अंधार, गारवा, निवांतपणा. मला त्या डब्याचा हेवा वाटला.

व्याही आले. जयभीम झाला. उकळी फुटायच्या आत पाणी उतरवलं, पत्ती टाकली. मधूनमधून हिरवट पानं दिसली, ती मी कोवळी समजलो. घड्याळ लावून तीन मिनिटं झाकलं आणि बिनदुधाचे कप पुढे केले.

पहिला घोट थेट कानापर्यंत कडू!

व्याही कपात बघत राहिले. मी डोळे मिटून म्हणालो, "उंचावरच्या चहाले असा कडवटपणा येतेच. धुक्याचा गुण हाय!"

"असं का?" व्याही म्हणाले. (वीस वर्षं हाच चहा पिणारा माणूस!) "मले माईत नव्हतं."

"आणखी घ्या ना!"

बिचाऱ्यांनी घेतला. मग मलाही घ्यावा लागला. प्रज्ञा माझ्याकडे अशी बघत होती, की त्या धुक्यात दडून बसावंसं वाटलं.

तेवढ्यात आमची बायको, कमल, चिवडा घेऊन आली. तिनं माझ्या कपातला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काऊन हो, पाला नाई काढला का?"

"कोणता पाला?"

"कडूनिंबाचा! डाळीले एरंडेल लावून पाला टाकून राह्यली होती, त तुमचा डब्बा सापडला. म्हटलं, येवढी महागाची वस्तू, कीड लागन. टाकल्या त्यातबी दोन मुठी."

झालं! मोडलं लेकीचं लग्न!

व्याह्यांनी कप खाली ठेवला आणि ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग कमलकडे वळून म्हणाले, "वहिनी, एकच सांगा. पोरगी तुमच्यावर गेली ना? मंग आमचा होकार हाय."

त्या दुपारी मी पहिल्यांदा खरं बोललो. "पुरी आईवर!"