त्याची आई कुठे राहते?

चष्मा कपाळावर सरकवायचा, बिस्कीट चहात बुडवायचं आणि ते मोडून कपात पडायच्या आत विचारायचं, "ते सगळं ठीक आहे. पण त्याची आई कुठे राहते?"

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या हॉस्पिटलमधल्या आमच्या टी-रूममध्ये हा प्रश्न आला की वाद संपायचा. निदान सिस्टरच्या दृष्टीने तरी संपायचा. तोवर ग्रेगने कुणा पोराची उंची, उडी आणि पळण्याचा वेग घसा कोरडा होईपर्यंत सांगितलेला असायचा. ग्रेग म्हणजे आमच्याकडचा वॉर्डबॉय. बॉय कसला, साठीचा धिप्पाड गडी. मी एक्स-रे काढतो, त्यामुळे पोराच्या गुडघ्यांबद्दल शंका काढायचं काम माझं. आणि मग वॉर्डच्या मुख्य नर्स, आमच्या सिस्टर, हा एकच प्रश्न टाकून आम्हा दोघांनाही गार करायच्या.

ज्यांना फूटीचा ड्राफ्ट माहीत नाही त्यांना आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. फूटी म्हणजे इथला फुटबॉल. चेंडू लांबट, तो हाताने धरायचा आणि पायाने हाणायचा. दर नोव्हेंबरात देशभरातले क्लब एकापाठोपाठ एक अठराएक वर्षांची पोरं निवडतात. पोरांची शाळा नुकती संपलेली असते. इथे बऱ्याच शाळांना कॉलेजच म्हणतात. ज्या क्लबने नाव पुकारलं त्याच्या शहरात जायचं. तुला कुठे जायचंय, हे पोराला कुणी विचारत नाही. पर्थचा मुलगा मेलबर्नच्या क्लबने घेतला तर बॅग भरून देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. आमची टीम पर्थची, म्हणजे आमच्या जवळच्या मोठ्या शहराची, आणि बहुतेक वर्षी तळाला. तळाच्या टीमला आधी निवडायला मिळतं. त्यामुळे आमचा खरा सीझन सगळे सामने संपल्यावर सुरू व्हायचा.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत आणि फुटबॉलवरून भावाभावांत बोलणं बंद होतं. म्हणून मी आल्या आल्या सिस्टरना दोन गोष्टी शिकवायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "तुझा तो पायाने खेळायचा फुटबॉल आहे ना, तो छान असेल," म्हणाल्या, "पण इथे पोरं पडतात रे. पडलेलं पोर बघायला शीक." त्या दिवसापासून मी कोल्हापूरचा विषय काढला नाही.

त्या वसईच्या. नर्सिंग करून आधी आखातात गेल्या, तिथून थेट इथे, सोन्याच्या खाणीच्या या लाल मातीच्या गावात. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सुरुवातीला इंग्रजी बोलताना दबून जायच्या. पण शनिवारी संध्याकाळी वॉर्डमध्ये हात-पाय मोडलेले खेळाडू भरती व्हायचे आणि त्यांच्याशी बोलायला विषय एकच. सिस्टर विषय शिकल्या. पुढे असं झालं की भूल उतरणाऱ्या पोराला डॉक्टरच्या आधी सिस्टर विचारायच्या, "तो टॅकल तू डाव्या खांद्याने का केलास, मेट?"

आणि पोर शुद्धीवर आलं की पहिलं काम, त्याच्या आईला फोन. हॉस्पिटलच्या किचनमध्ये डेबी कामाला होती, पेशंटच्या जेवणाच्या ट्रॉल्या न्यायची. तिचा मुलगा बारा वर्षांचा असताना त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. एक्स-रे मीच काढला. डेबी तेव्हा खाली भांडी विसळत होती. सिस्टर फोन न करता धावत खाली गेल्या, तिच्या हातातली ताटं काढून घेतली आणि ती वर पोराला भेटून येईपर्यंत स्वतः विसळत उभ्या राहिल्या. मुख्य नर्स भांडी घासते आहे हे बघून किचनमधल्या लोकांची बोबडी वळली होती.

सिस्टरच्या प्रश्नामागे एक हिशेबही होता. पोरांचा करार दोन वर्षांचा असतो. लांबून आणलेली कितीतरी पोरं दोन वर्षं कशीबशी काढतात आणि मला घराजवळच्या क्लबमध्ये पाठवा म्हणतात. क्लबने शिकवलं, वाढवलं आणि फळ दुसऱ्याच्या ताटात. "आपल्या टीमने जवळचं पोर घ्यावं," सिस्टर म्हणायच्या. "थोडं कमी पळेल, पण राहील. आईच्या हातचं जेवायला रविवारी जाता आलं पाहिजे."

ग्रेग चिडायचा. "मग तू कशी राहिलीस, सिस्टर?"

"मी कुठे राहिले? मी जाणार आहे. हा ड्राफ्ट झाला की जाणार."

हा ड्राफ्ट झाला की. हे मी किती वर्षं ऐकलं! वसईला त्यांची आई एकटी होती. भाऊ तरुणपणीच वारला होता. आईने इथे यावं म्हणून सिस्टरनी जंग जंग पछाडलं, पण म्हातारी एकदाच आली, एका हिवाळ्यात. मी तिला बघितलंय. इथे मैदानाभोवती गाड्या लावून लोक आतूनच सामना बघतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. सिस्टरच्या गाडीत पुढच्या सीटवर ती बसली होती. अंगावर शाल आणि डोक्याला, कानांवरून घट्ट गुंडाळलेला, आमच्या टीमचा मफलर. समोर एक पोर दुसऱ्यावर आदळून पडलं. हॉर्न वाजले. म्हातारी हॉर्नने दचकली नाही. तिने मान वळवून सगळ्या गाड्यांवरून नजर फिरवली आणि लेकीला विचारलं, "त्याची आई कुठंय?"

तर तो प्रश्न मूळचा तिचा. सिस्टर आणि मी तेव्हा खूप हसलो होतो.

म्हातारी परत गेली ती मफलर घेऊनच. मग दर नोव्हेंबरात वसईहून फोन. यंदा कुणाला घेतलं? सिस्टर नाव सांगायच्या. त्याची आई कुठे राहते? सिस्टर तेही सांगायच्या. "म्हातारीला फूटीचं वेड लागलंय," असं कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटायच्या.

शेवटी एका वर्षी त्यांनी खरंच राजीनामा दिला. तिकीट काढलं. नव्या मुलींना तयार करून द्या, नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबा, अशी हॉस्पिटलने विनंती केली. ड्राफ्टही तेव्हाच होता, म्हणून सिस्टर हसत थांबल्या. ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात आई गेली. सकाळी चर्चला, मिस्साला निघाली आणि दारातच बसली, ती उठली नाही. त्या दिवशी इथे धुळीचं वादळ होतं. पर्थचं विमान उशिरा निघालं आणि पुढचं सगळं चुकलं. वसईत उन्हाळ्यासारखं ऊन पडलं होतं, शरीर किती वेळ ठेवणार? गावाने वाट बघून संध्याकाळी दफन केलं. सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचल्या.

महिन्याभराने परत आल्या आणि राजीनामा मागे घेतला. "आता तिकडे कोण आहे?" एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं आणि, खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. त्या नसत्या तर या गावात मराठीत भांडायला मला दुसरं कोण होतं?

पुढच्या वर्षी टास्मानियाचा एक मुलगा होता. पाऱ्यासारखा. ग्रेग त्याच्यावर लट्टू होता, पण टास्मानिया म्हणजे समुद्रापलीकडे, याहून लांबचं पोर इथे मिळायचं नाही. आम्ही सिस्टरच्या प्रश्नाची वाट बघत होतो. त्या बिस्कीट हातात धरून बसलेल्या. शेवटी ग्रेगच म्हणाला, "वेल, सिस्टर? आई कुठे राहते त्याची?"

"त्याला आई नाही," सिस्टर म्हणाल्या. "लहानपणीच गेली. मी वाचलंय. घ्या त्याला. हा कुठे जाणार परत?"

खाणीतल्या दुपारच्या सुरुंगाने खिडकीच्या काचा थरथरल्या. ग्रेगने उगाच आपला कप उचलला आणि रिकामा आहे हे बघून परत ठेवला. मी तर वर बघितलंच नाही.

आमच्या टीमने खरंच त्याला घेतलं. दोन सीझन पोर काय खेळलं! सिस्टर त्याला 'माझा' म्हणायच्या. त्याच्या नावाचा शर्ट घेतला, तो घालून वॉर्डच्या ख्रिसमस पार्टीला आल्या. आणि दुसरा सीझन संपल्यावर बातमी आली की त्याला घरी जायचंय. चार दिवस आम्ही ती सिस्टरपासून लपवायचा प्रयत्न केला, जणू घरातलं कुणी आजारी होतं. पण त्यांनी फोनवर वाचलीच. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली आणला, पुन्हा वाचलं.

"हा कुणाकडे गेला रे?"

"होम," ग्रेग म्हणाला. "जस्ट होम, सिस्टर."

"पण घरी आहे कोण त्याचं?"

ग्रेगने खांदे उडवले. "बाप असेल. कुत्रा असेल. आय डोन्ट नो. घर आहे ना."

सिस्टर त्या दिवशी चहा न पिता उठल्या. आठवडाभरात त्यांनी पुन्हा राजीनामा दिला, आणि या वेळी नोव्हेंबरपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांना सरळ नाही म्हणाल्या.

सामान आवरायला मी गेलो होतो. त्यांनी मला त्यांचा प्रेशर कुकर दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून. गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता बोलत राहिल्या.

"मी गेले ना तेव्हा, तो मफलर तिच्या उशाशी होता. शेजारीण सांगत होती, डिसेंबरात मिस्साला तोच बांधून जायची. लोक विचारायचे हे काय, तर सांगायची, माझ्या मुलीच्या टीमचा आहे." त्यांनी दोरी घट्ट ओढली. "दर वर्षी फोनवर विचारायची, त्याची आई कुठे राहते. आणि मी आपली शहाणी, तिला गावांची नावं सांगायचे. ती पोरांबद्दल विचारतच नव्हती रे."

साताऱ्याला बहिणीकडे माझी आई आहे. मी दर रविवारी फोन करतो आणि तिला हवामान सांगतो.

"आता जाऊन काय करणार तुम्ही, सिस्टर?"

"काय करणार? दार उघडं ठेवीन. इतकी वर्षं ती ठेवत होती." मग कुकर माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "शिटी ढिली झालीय. पर्थला गेलास की बदलून घे."

त्या वर्षीचा ड्राफ्ट तुम्ही बघायला हवा होतात. तिकडे मेलबर्नला संध्याकाळ, आमच्याकडे दुपार, आणि टी-रूम खच्चून भरलेली. कारण यादीत डेबीचा मुलगा होता. हो, तोच, गळ्याजवळचं हाड मोडलेला. फूटीसाठी पर्थच्या एका कॉलेजने त्याला बोर्डिंगला नेलं होतं आणि आता तो मेलबर्नला, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर, नव्या सुटात घामाघूम होऊन बसला होता. आमच्या टीमने त्यालाच घ्यावं यावर त्या दिवशी वाद नव्हता. घेतलं असतं तर पोर पर्थला राहिलं असतं, गाडीने एका दिवसात गाठता आलं असतं. पण नशीब बघा, नेमकी त्याच वर्षी आमची टीम बरी खेळली होती आणि आमचा नंबर मागे गेला होता.

मी माझा फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला होता. पलीकडे वसईला सिस्टर. त्यांचं जेवण नुकतं झालं होतं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

आमच्या आधी मेलबर्नच्या क्लबने त्याचं नाव पुकारलं.

टी-रूममध्ये आरडाओरडा झाला. गावचं पोर शेवटी, आनंद होणारच. ग्रेगने टेबलावर मूठ आपटली, कुणीतरी शिट्टी मारली. मग एकेकाचा आवाज विरत गेला, कारण डेबी दाराशी उभी होती. ॲप्रन तसाच, दोन्ही हातांनी ट्रॉली धरलेली. हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"काय झालं? सांगा ना, काय झालं?" फोनमधून सिस्टर विचारत होत्या.

ग्रेगने वाकून सांगितलं. मेलबर्न, सिस्टर.

मग सिस्टरनी त्यांच्या त्या जपून जपून बोलायच्या इंग्रजीत विचारलं, "व्हेअर इज हिज मदर?"

इतकी वर्षं हा प्रश्न ऐकला, पण त्या दिवशी आम्हाला कुणालाच हसू आलं नाही.

"शी इज हिअर," ग्रेग म्हणाला. "इथेच आहे."

"मग स्पीकर बंद कर," सिस्टर मला मराठीत म्हणाल्या, "आणि फोन तिच्याकडे दे."

मी दिला. डेबी फोन घेऊन खिडकीशी गेली, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. सिस्टर काय बोलत होत्या ते मला माहीत नाही, मी पुढेही विचारलं नाही. डेबी मध्येच "येस" म्हणायची, मध्येच नुसती मान हलवायची, पलीकडे दिसत असल्यासारखी. टीव्हीवर आमच्या टीमचा नंबर आला आणि गेला. त्यांनी कुणाला घेतलं ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात बघावं लागलं. डेबी अजून खिडकीशीच होती, आणि तिच्या ट्रॉलीवरची जेवणं गार होत होती.