उपग्रहाला वाट लागली

भाचीचा उपग्रह चुकीच्या कक्षेत अडकल्याचे ज्या सकाळी कळले, त्याच सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. तंजावूरच्या राजवाड्याच्या आसपास मराठी बोलणारी घरे अजून आहेत, आणि त्यांची एक सभाही आहे. सभेचे मुख्य कार्य फ्लेक्स लावणे. या फ्लेक्सवर डावीकडे रॉकेट होते, उजवीकडे भाची, आणि मधोमध, दोघांहून मोठे, सभेचे अध्यक्ष. मजकूर तमिळमध्ये, कारण देवनागरी वाचणारे आमच्यात फार थोडे उरलेत. मी त्यांतला एक, तोही पुण्यात काही वर्षे नोकरी केली म्हणून.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. उपग्रहांना जमिनीवरून आज्ञा देणाऱ्या केंद्रात ती काम करते. आदल्या संध्याकाळी रॉकेट उडाले तेव्हा टीव्हीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या. थोड्या वेळाने ते गप्प झाले. आम्हाला थांबायचे कळले नाही.

सकाळी तिचा फोन आला.

"मामा, रॉकेटनं त्याला पाहिजे तिथं सोडलंच नाही. फार खाली सोडलं."

"पडेल?"

"लगेच नाही. पण तिथून टीव्ही नाही, फोन नाही, कशाचाच उपयोग नाही."

"मग अपयश म्हणायचं?"

"अजून काहीच म्हणू नका. त्याच्यापाशी स्वतःचं इंधन आहे. ते जाळून हळूहळू वर न्यायचं. मी निश्चयतांबूलाला येत नाही म्हणून अम्माला तुम्हीच सांगा."

खरी अडचण ही होती. भाचीचे लग्न पुण्यातल्या एका मुलाशी ठरत होते. निश्चयतांबूल, म्हणजे पुणेकरांचा साखरपुडा, या उड्डाणापायी एकदा पुढे गेला होताच. दुसऱ्यांदा पुढे गेला तर मुलाची आई स्थळच सोडून देईल, या धास्तीने बहिणीला जेवण जात नव्हते. तिला मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले की उपग्रह जागेवर नाही.

"कोणता ग्रह?" तिने विचारले.

हा प्रश्न आमच्या भागात वेडगळ नाही. इथे नऊ ग्रहांची नऊ वेगळी देवळे आहेत आणि बसने जाता येते.

"कोणता ते सांग, अण्णा. पापनाशमला बस बदलून जाऊन येतें."

"उपग्रह. माणसांनी केलेला."

"त्याचं देऊळ कुठं?"

"अजून बांधलं नाही."

मग मी पुण्याला फोन करून मुलाच्या आईला परिस्थिती समजावली. ती मला स्वतःला समजली नव्हती, त्यामुळे बरेच बोललो. भाचीने मला सांगितले होते की उपग्रह वर न्यायचा तर त्याला वर ढकलायचे नसते, पुढे ढकलायचे असते. आणि या बाजूला ढकलला की वाटेची पलीकडची बाजू उंच होते. मी मान डोलावली होती. फोनवर मान डोलावणे सोपे असते. तिने आणखी सांगितले होते की इंधन हेच उपग्रहाचे आयुष्य. वर नेण्यात जेवढे जळेल तेवढी त्याची वर्षे कमी.

"वाचवायचं म्हणून आयुष्य कमी करायचं?" मी विचारले होते.

"होय, मामा. दुसरा उपाय नाही."

मुलाच्या आईने सगळे ऐकून घेतले आणि त्या म्हणाल्या, "मुलीच्या मनात नसेल तर तसं सरळ सांगा हो. एवढं आकाशात कशाला जायचं?"

पुढचे दिवस विचित्र गेले. भाची एकेक धक्का देऊन झाला की कळवायची. बहीण तेवढे ऐकून विचारायची, "म्हणजे लग्न होतं की नाही?" सभेत फ्लेक्स उतरवावा की नाही यावर चर्चा झाली. उतरवला तर अपयश मान्य केल्यासारखे, ठेवला तर खोटे बोलल्यासारखे. शेवटी तो अध्यक्षांसाठी ठेवला.

आणि एका दुपारी, मी सरकारी कामाला ओरत्तनाडूला गेलो असताना, उपग्रह जागेवर पोचला. मी घरी नव्हतो, म्हणून बहिणीने पहिल्यांदाच आपणहून पुण्याला फोन लावला. ती आनंदाने ओरडली, "मामी, वाट लागली! उपग्रहाला पुरी वाट लागली!"

आमच्या घरात वाट लागणे म्हणजे रस्ता सापडणे. आमचे पूर्वज मराठी घेऊन दक्षिणेत आले. त्यानंतर पुण्या-मुंबईकडे शब्दांचे काय झाले, हे आम्हाला कोणी कळवले नाही.

मी बसमध्ये असतानाच पुण्याचा फोन आला.

"अहो, तुमच्या बहिणीला धक्का बसलाय का? मुलीच्या कामाची वाट लागली म्हणतात आणि हसतात! वर विचारतात, आता साखरपुडा कधी. आणि मी यांची मामी कधी झाले?"

इथे कुठल्याही मोठ्या बाईला मामी म्हणतात, इथपासून मी सुरुवात केली. शेवटी ‘वाट’ या शब्दापर्यंत पोचलो.

"म्हणजे यश आलं?" त्यांनी विचारले.

"आलं. म्हणजे, आयुष्य थोडं कमी झालंय."

"कोणाचं?"

"उपग्रहाचं."

"अहो, एकदा काय ते नीट सांगा. मुलगा तिकिटं काढायला बसलाय."

सगळ्या प्रकरणात मी पहिल्यांदाच पुस्ती न जोडता बोललो. "या," म्हणालो.

ते आले. भाचीही आदल्या दिवशी घरी आली होती. स्टेशनवरून गाडीवाल्याने त्यांना राजवाड्याभोवती दोनदा फिरवले. शेवटी फ्लेक्सवरचा भाचीचा फोटो पाहून त्यांनी गल्ली ओळखली. सभेचा फ्लेक्स कोणाच्या तरी कामी आलेला मी प्रथमच पाहिला. मुलाच्या आई उतरल्या, घाम पुसत बहिणीला म्हणाल्या, "काय सांगू विहीणबाई, आमची तर वाट लागली!"

"लागली न? बरं झालं!" बहीण हात जोडून म्हणाली. "या, या."

मुलाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या आईने कोणत्या अर्थाने म्हटले हे ओळखायला मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्या हसत होत्या, पण घामही बराच होता. कोणाला काय समजावायचे याची मी जुळवाजुळव करत असताना आतून भाची म्हणाली, "मामा, आधी त्यांना आत तर घ्या."